चितकबरी आसागाओ

चितकबरी आसागाओ (जपानी: फुइरी आसागाओ) ही आयपोमिया निल या वेलीच्या जपानमधील बागायती वाणांपैकी, हिरव्या पानांवर पांढरे किंवा पिवळसर ठिपके व चट्टे असणाऱ्या वाणांची समूहवाचक संज्ञा आहे. ही वेल हरिणपदी कुलातील (कॉन्व्हॉल्व्ह्युलेसी) असून रताळे, गणेशवेल आणि मर्यादवेल यांच्याच प्रजातीत तिचा समावेश होतो. इंग्रजी वळणाने तिला मॉर्निंग ग्लोरी म्हणतात. मराठीत तिच्या रानटी रूपाला काळादाणा किंवा निळवेल अशी नावे आहेत.

या वेलीची लागवड प्रामुख्याने बियांपासून व काही प्रसंगी छाटकलमांपासून केली जाते. कोणता मार्ग निवडावा हे पानांवरील चट्टे कशामुळे उमटले आहेत यावर अवलंबून असते. जनुकामुळे आलेले चट्टे बियांतून पुढच्या पिढीत उतरतात. वाढीच्या शेंड्यातील वेगवेगळ्या पेशीथरांमुळे आलेले चट्टे बहुधा केवळ कलमातूनच टिकतात. विषाणूमुळे आलेले चट्टे हा रोग असतो आणि कलमाबरोबर तोही पसरतो. हा भेद ध्यानात न घेतल्यास एखादे दुर्मीळ वाण एका हंगामात नाहीसे होऊ शकते, किंवा रोगट वेल नवे वाण समजून जोपासली जाऊ शकते.

नाव

जपानी भाषेत ‘आसा’ म्हणजे सकाळ आणि ‘काओ’ म्हणजे चेहरा. सामासिक शब्दात ‘काओ’चे ‘गाओ’ होते. त्यावरून ‘आसागाओ’ म्हणजे सकाळचा चेहरा. ‘फु’ म्हणजे चट्टा व ‘फुइरी’ म्हणजे चट्टे असलेले.

जपानी प्रदर्शनांत झाडाचे नाव हे बहुधा त्याचे वर्णनच असते. पानाचा रंग, चट्टे, पानाचा आकार, फुलाचा रंग आणि फुलाची ठेवण यांचे शब्द ठरलेल्या क्रमाने एकापुढे एक जोडले जातात. उदाहरणार्थ, ‘आओ फुइरी सेमिबा’ या नावातील ‘आओ’ हा शब्द पानाचा मूळ रंग हिरवा असल्याचे, ‘फुइरी’ हा चट्टे असल्याचे आणि ‘सेमिबा’ हा पानाचा आकार पंख मिटून बसलेल्या सिकाडा कीटकासारखा असल्याचे सांगतो. नावावरून जाणकाराला झाडाची आनुवंशिक घडणही बरीचशी समजते, कारण यांपैकी बहुतेक लक्षणे स्वतंत्र जनुकांवर अवलंबून असतात.

वर्णन

आसागाओ ही वर्षायू वेल आहे. आधार मिळाल्यास ती दोन ते तीन मीटर किंवा त्याहून अधिक उंच चढते. खोड केसाळ असून वरून पाहिल्यास ते घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने आधाराभोवती गुंडाळत जाते. मूळ रूपातील पाने तीन खंडांची व तळाशी हृदयाकृती असतात. संदले लांब, निमुळती व केसाळ असतात. फूल नरसाळ्याच्या आकाराचे असून पाचही पाकळ्या एकमेकींना पूर्णपणे जुळलेल्या असतात. प्रदर्शनासाठी निपजवलेल्या मोठ्या फुलांच्या वाणांत फुलाचा व्यास २० सेंटिमीटरपेक्षा अधिक भरतो आणि या गटातील अनेक वाणांची पाने चितकबरी असतात.

कळी उमलण्याची वेळ पहाटेच्या उजेडावर अवलंबून नसते. आदल्या संध्याकाळी अंधार पडल्यापासून ती मोजली जाते. उन्हाळ्यात सूर्यास्तानंतर सुमारे १० तासांनी, म्हणजे पहाटेपूर्वीच फूल उमलते व दुपारपर्यंत कोमेजते. फूल उमलत असतानाच पाच पुंकेसर लांब होऊन किंजल्काला घासतात, त्यामुळे बहुतांश स्वपरागण होते. किंजपुटात तीन कप्पे व प्रत्येक कप्प्यात दोन बीजांडे असल्याने एका बोंडात जास्तीत जास्त सहा बिया धरतात.

चितकबऱ्या वाणांत पांढरे ठिपके पानभर अनियमितपणे विखुरलेले असतात. एकाच वेलीची दोन पाने तंतोतंत सारखी नसतात. पांढऱ्या भागांतील पेशींत हरितद्रव्य नसते किंवा अत्यल्प असते, त्यामुळे तो भाग अन्न तयार करण्यास निरुपयोगी ठरतो. परिणामी या वेलींची वाढ सर्वसाधारणपणे पूर्ण हिरव्या वेलींपेक्षा संथ असते.

इतिहास

आयपोमिया निलचे मूळ स्थान उष्णकटिबंधीय अमेरिका असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. जपानमध्ये ती नारा काळात (इ.स. ७१०–७९४) चीनमधून औषधी वनस्पती म्हणून आली, असे सांगितले जाते. तिच्या रेचक बियांना जपानी भाषेत ‘केन्गोशी’ म्हणतात. या नावातील पहिल्या दोन चिनी अक्षरांचा अर्थ ‘बैल ओढून नेणे’ असा होतो आणि ‘तानाबाता’ सणाच्या कथेतील गुराख्याच्या ताऱ्याचे नावही तेच आहे.

एदो काळात (१६०३–१८६८) या वेलीला शोभेची वनस्पती म्हणून महत्त्व आले. १८०६ साली एदो (आजचे तोक्यो) शहरात मोठी आग लागली. तिच्यामुळे शिताया भागात मोकळ्या झालेल्या जागेवर बागवानांनी आसागाओची लागवड वाढवली, असे म्हणतात. त्यानंतर १८०४–१८३० या बुन्का-बुन्सेई कालखंडात आणि पुन्हा १८४८–१८६० या काएई-आन्सेई कालखंडात ‘हेन्का आसागाओ’, म्हणजे रूप पालटलेल्या आसागाओंची लाट आली. पाने सुईसारखी अरुंद झालेल्या, फुले फाटून झालरीसारखी झालेल्या आणि चट्टेदार पानांच्या वेलींची प्रदर्शने भरत. सुमो कुस्तीगिरांच्या क्रमवारीच्या पत्रकांप्रमाणे या झाडांच्याही क्रमवाऱ्या छापल्या जात. १८५४ साली हात्तोरी सेस्साई या चित्रकाराच्या चित्रांसह प्रसिद्ध झालेला ‘आसागाओ सान्ज्यूरोक्कासेन’ हा ३६ निवडक आसागाओंचा ग्रंथ याच काळातील आहे.

ग्रेगोर मेंडेल यांचा वाटाण्यावरील निबंध १८६६ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या आधीच एदोतील बागवान, काही पिढ्यांनंतर एकदाच प्रकट होणारे लक्षण कोणत्या साध्या दिसणाऱ्या भावंडाच्या बियांतून पुन्हा मिळेल, याचा अनुभवाने माग काढत होते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इमाई योशिताका व अन्य जपानी आनुवंशिकीतज्ज्ञांनी याच वाणांवर संशोधन करून चट्टे, फुलांचे रंग व पानांचे आकार यांच्या वारशाचे नियम मांडले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अनेक वाणे नष्ट झाली. युद्धानंतर मिशिमा येथील राष्ट्रीय आनुवंशिकी संस्थेत उरलेली वाणे जमवण्यात आली. सध्या फुकुओका येथील क्युशू विद्यापीठात राष्ट्रीय जैवसंसाधन प्रकल्पांतर्गत त्यांचे जतन होते. चिबा प्रांतातील साकुरा येथे जपानी इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयाचे वनस्पती उद्यान १९९९ पासून उन्हाळ्यात पारंपरिक आसागाओंचे प्रदर्शन भरवते.

तोक्योतील इरिया येथे १९४८ साली पुन्हा सुरू झालेली आसागाओची जत्रा दरवर्षी ६ ते ८ जुलै या दिवसांत भरते. जपानमधील प्राथमिक शाळांत पहिलीच्या वर्गातील मुलांनी कुंडीत आसागाओ वाढवून तिचे निरीक्षण नोंदवण्याची प्रथा आहे.

पानांवरील चट्ट्यांची कारणे

जनुकीय चट्टे : जपानी चितकबऱ्या वाणांतील नेहमीचे चट्टे पेशीकेंद्रातील अप्रभावी जनुकामुळे पडतात. आई व वडील अशा दोन्ही बाजूंनी हे जनुक मिळाले तरच रोप चितकबरे होते. म्हणून चितकबऱ्या वेलीचे स्वपरागण झाल्यास तिची सर्व रोपे चितकबरी निघतात. तिचा शुद्ध हिरव्या वेलीशी संकर केल्यास पहिल्या पिढीतील सर्व रोपे हिरवी असतात आणि त्यांच्या बियांपासून आलेल्या दुसऱ्या पिढीत सरासरी चारांत एक रोप चितकबरे असते.

कायमेरा : काही वनस्पतींत वाढीच्या शेंड्यातील एक थर हिरवा व दुसरा हरितद्रव्यहीन असतो. अशा मिश्र झाडाला कायमेरा म्हणतात. बीज शेंड्याच्या विशिष्ट थरातूनच तयार होत असल्याने थरांची ही मांडणी बियांतून उतरत नाही. रोपे पूर्ण हिरवी किंवा पूर्ण पांढरी निघतात आणि पांढरी रोपे दलिकांतील साठा संपताच मरतात. असे झाड कलमानेच टिकवावे लागते. कायमेऱ्यात चट्ट्यांची मांडणी सहसा ठरावीक असते, जसे कडेला पांढरी किनार व मध्ये हिरवा भाग. वेलीच्या एकाच फांदीवर अचानक पांढरे पट्टे उमटले आणि बाकीची वेल हिरवी राहिली, तर कायमेऱ्याची शक्यता मोठी असते.

विषाणू : आसागाओ व रताळे ही एकाच प्रजातीतील असल्याने रताळ्याचे अनेक विषाणू आसागाओवरही येतात. विषाणू ओळखण्याच्या चाचणीत रताळ्याचे कलम आयपोमिया निलच्या रोपावर बांधून त्याची लक्षणे पाहण्याची पद्धत आहे. विषाणूबाधित पानांवर शिरा पिवळ्या पडणे, फिकट-गडद हिरव्या रंगाची धूसर सरमिसळ, पाने आकसणे व कडा गुंडाळणे ही लक्षणे दिसतात. जनुकीय चट्ट्याची कड स्पष्ट असते व पानाचा आकार सहसा बिघडत नाही.

कीड : लाल कोळी पानांच्या मागील बाजूने रस शोषतो. त्यामुळे पानांवर बारीक पांढुरके ठिपके पडतात. भिंगाने पाहिल्यास मागील बाजूस कोळी व जाळी दिसतात. नव्याने फुटलेली पाने स्वच्छ हिरवी असतील तर हे ठिपके किडीचे समजावेत.

फुलांवरील ठिपके व पट्टे यांचे कारण वेगळे आहे. ते बहुधा जनुकसंचात जागा बदलणाऱ्या ‘टीपीएन-१’ कुटुंबातील घटकांमुळे पडतात. या कुटुंबातील पहिला घटक १९९४ साली जपानी संशोधकांनी वेगळा केला. रंगाच्या जनुकात हा घटक शिरला की रंग बनणे थांबते आणि एखाद्या पेशीतून तो बाहेर पडला की त्या पेशीच्या वंशात रंग परत येतो. २०१६ साली आयपोमिया निलचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला. तिच्या पेशींत गुणसूत्रांच्या १५ जोड्या असतात.

बियांपासून लागवड

हंगाम : उगवणीसाठी २० ते २५ अंश सेल्सिअस तापमान अनुकूल असते. तोक्योच्या परिसरात मे महिन्यात पेरणी करतात व जुलैपासून फुले येतात. जमीन थंड असताना पेरलेल्या बिया कुजतात.

कवच चिरणे : बियांचे कवच कठीण असून त्यातून पाणी सहज शिरत नाही. न चिरता पेरल्यास एकाच बोंडातील बिया काही दिवसांपासून काही आठवड्यांपर्यंत मागेपुढे उगवतात व रोपांची तुलना करणे अवघड होते. बीच्या टोकाशी देठाचा लहान व्रण असतो आणि भावी मुळाचे टोक त्याच्या जवळच असते. त्या बाजूला हात न लावता पाठीच्या फुगीर बाजूवर कानस किंवा नखे कापण्याच्या कात्रीने आतील फिकट भाग जेमतेम दिसेल इतकेच कवच काढावे. नंतर बिया एक रात्र पाण्यात ठेवाव्यात. सकाळपर्यंत फुगलेल्या बिया पेराव्यात. न फुगलेल्या बियांचे कवच पुन्हा थोडे खरवडून त्या भिजत घालाव्यात.

पेरणी : पाण्याचा निचरा होणाऱ्या हलक्या मातीत सुमारे एक ते दीड सेंटिमीटर खोल बी पेरावे. साधारणपणे चार ते सात दिवसांत दलिका वर येतात. दलिका बाहेर येताना बीचे टरफल टोकाला अडकून राहिले तर ते पाण्याने ओले करून हलक्या हाताने काढावे. ओढून काढल्यास दलिका तुटतात.

निवड : रोप चितकबरे आहे की नाही, याचा निर्णय केवळ दलिकांवरून घेऊ नये. पहिली दोन-तीन खरी पाने येईपर्यंत सर्व रोपे राखावीत. संथ वाढणारी, खुजी रोपे उपटून टाकण्याची माळ्याची नेहमीची सवय येथे घातक ठरते, कारण हरितद्रव्य कमी असलेली चितकबरी रोपेच सहसा मागे राहतात. प्रत्येक रोपाला मातृवेल व बोंड यांचा क्रमांक असलेली चिठ्ठी लावावी.

पुनर्लागवड : तीन-चार पाने आल्यावर रोप १५ ते १८ सेंटिमीटर व्यासाच्या कुंडीत हलवतात. जपानमध्ये तीन काड्या व त्यांना जोडणाऱ्या तीन कड्यांचा दिव्याच्या आकाराचा आधार देतात, त्याला ‘आन्दोन’ म्हणतात. चितकबऱ्या वेलीला सकाळचे ऊन आवश्यक असले तरी भर दुपारच्या उन्हात पांढरे भाग करपतात. त्या वेळी विरळ सावली द्यावी. नत्राचे प्रमाण जास्त झाल्यास पाला माजतो व फुले कमी लागतात.

छाटकलमापासून लागवड

आसागाओच्या खोडाला पेरांजवळ सहज मुळे फुटतात. तरीही बियांतून शुद्ध उतरणाऱ्या वाणासाठी कलमाची सहसा गरज नसते. पुढील प्रसंगी मात्र कलम उपयोगी ठरते :

• बी न धरणारे वाण जिवंत ठेवायचे असेल तेव्हा;
• एखाद्या फांदीवर उमटलेले चट्टे कायमेऱ्याचे असण्याची शक्यता असेल तेव्हा;
• मोलाच्या वेलीचे मूळ कुजू लागले असून बी पिकण्यास अवकाश असेल तेव्हा.

कलमासाठी जून खोड किंवा अगदी कोवळा शेंडा न घेता मधल्या वयाचा, दोन ते तीन पेरांचा तुकडा घ्यावा. धारदार व निर्जंतुक केलेल्या पात्याने पेराच्या किंचित खाली काप द्यावा. खालच्या पेराचे पान व सर्व कळ्या काढाव्यात. वरचे पान मोठे असल्यास अर्धे कापावे. मात्र चितकबऱ्या पानाचा हिरवा भाग शक्य तितका राखावा, कारण मुळे फुटेपर्यंत तुकड्याचे पोषण त्यावरच होते. पूर्ण पांढऱ्या पानांच्या फांदीचे कलम घेऊ नये. मुळे फुटली तरी ते स्वतःचे अन्न तयार करू शकत नाही.

तुकडा धुतलेल्या वाळूत किंवा व्हर्मिक्युलाइटमध्ये एक पेर बुडेल असा लावून सावलीत व दमट हवेत ठेवावा. सुमारे २५ अंश सेल्सिअस तापमानात साधारण एक ते दोन आठवड्यांत मुळे धरतात. माती भिजलेली असावी, पण तिच्यात पाणी साचू नये.

आसागाओ ही लहान दिवसांची वनस्पती आहे, म्हणजे रात्र एका ठरावीक मर्यादेपेक्षा लांबली की तिला कळ्या येतात. संशोधनात वापरल्या जाणाऱ्या ‘व्हायोलेट’ या वाणाचे केवळ दलिका असलेले रोपही सुमारे १६ तासांची एकच रात्र मिळाल्यावर कळी धरते. म्हणून शरद ऋतूत घेतलेल्या कलमाच्या प्रत्येक पेरावर कळ्या येतात आणि वाढ खुंटते. असे कलम हिवाळाभर राखायचे असल्यास ते उबदार जागी ठेवून रात्रीच्या मध्यावर काही वेळ दिवा लावावा लागतो. या उजेडामुळे लांब रात्रीचे दोन लहान भाग पडतात व कळ्या धरणे थांबते.

कायमेऱ्याचे कलम वाढू लागल्यावर त्याच्या काही फांद्या पूर्ण हिरव्या निघतात. त्या अधिक जोमदार असल्याने काही आठवड्यांत चितकबऱ्या फांद्यांना झाकून टाकतात. हिरवी फांदी दिसताच ती मुळापासून कापावी.

कलमाबरोबर मातृवेलीचा विषाणूही जसाच्या तसा जातो. बियांतून मात्र बहुतेक विषाणू उतरत नाहीत. त्यामुळे चट्ट्यांचे कारण अनिश्चित असल्यास त्या वेलीचे कलम इतर वेलींपासून दूर ठेवून तिच्या बियाही पेराव्यात. बियांपासून आलेली सर्व रोपे चितकबरी निघाली तर चट्टे जनुकीय असल्याचे सिद्ध होते. सर्व रोपे निरोगी व हिरवी निघाली तर पानांचा आकार पाहून कायमेरा की विषाणू हे ठरवावे. पाने आकसलेली असल्यास कलमे नष्ट करणे श्रेयस्कर असते. मावा व पांढरी माशी हे कीटक विषाणूंचा प्रसार करतात, त्यामुळे त्यांचे नियंत्रणही आवश्यक असते.

वांझ वाणांचे जतन

हेन्का आसागाओंचे दोन वर्ग केले जातात. बी धरणाऱ्या प्रकारांना ‘मासाकी’ व बी न धरणाऱ्या किंवा क्वचितच धरणाऱ्या प्रकारांना ‘देमोनो’ म्हणतात. साधा चितकबरा वाण मासाकी असतो. ‘बोतान’ या दुहेरी फुलांच्या प्रकारात प्रजननाचे अवयव पाकळ्या व संदले यांसारख्या भागांत बदललेले असल्याने बी धरत नाही. त्यामुळे चितकबऱ्या पानांची बोतान ही देमोनो ठरते.

देमोनोचा वंश तिच्या साध्या फुलांच्या भावंडांतून चालतो. हे भावंड दिसायला साधे असले तरी त्याच्यात बोतानचे अप्रभावी जनुक लपलेले असू शकते. असे जनुक वाहणाऱ्या वेलीच्या बियांतून सरासरी चारांत एक बोतान मिळते. उरलेल्या तीन साध्या रोपांपैकी सरासरी दोन वाहक असतात व एक नसते. बाह्य रूपावरून त्यांतील फरक कळत नाही. म्हणून प्रत्येक साध्या भावंडाचे बी स्वतंत्र पुडीत ठेवून पुढील वर्षी वेगवेगळे पेरावे लागते. ज्या पुडीतून बोतान निघते, ती वंश चालवणारी पुडी होय.

एकच साधे भावंड राखले तर ते वाहक नसण्याची, म्हणजे वाण कायमचे हातचे जाण्याची शक्यता तीनांत एक असते. पाच भावंडे राखली तर पाचही वाहक नसण्याची शक्यता २४३ मध्ये एक इतकी खाली येते. प्रत्येक पुडीतील किमान ११ रोपे फुलेपर्यंत वाढवली, तर वाहक मातेच्या संततीत निदान एक बोतान दिसण्याची शक्यता ९५ टक्क्यांहून अधिक असते. फुले सुंदर नसल्याने साध्या भावंडांना कुंडी व जागा देण्याचा कंटाळा केला जातो. तथापि वंशाचे सातत्य पूर्णपणे त्यांच्यावरच अवलंबून असते.

अनेक अप्रभावी लक्षणे एकत्र आणताना रोपांची आवश्यक संख्या झपाट्याने वाढते. चट्टे व बोतान ही दोन्ही लक्षणे लपलेल्या वेलीच्या बियांत, दोन्ही जनुके स्वतंत्रपणे वागत असल्यास, चितकबरी बोतान सोळांत एक मिळते. ९५ टक्के खात्रीसाठी सुमारे ४७ रोपे लागतात. तिसरे लक्षण जोडल्यास प्रमाण ६४ मध्ये एक होते व सुमारे १९० रोपे लागतात. यावर सोपा उपाय म्हणजे मासाकी लक्षण आधी शुद्ध करून घेणे. मातृवेल स्वतःच चितकबरी असेल तर तिची सर्व संतती चितकबरीच असते आणि केवळ बोतानसाठी चारांत एक हे प्रमाण उरते.

पानांच्या आकाराशी निगडित कित्येक देमोनो दलिकांच्या आकारावरूनच ओळखता येतात, त्यामुळे त्यांची निवड पेरणीच्या पेटीतच होते. बोतान मात्र फुलल्याशिवाय ओळखता येत नाही.

संकर व बियाणे

संकर करायचा असल्यास आदल्या संध्याकाळी दुसऱ्या दिवशी उमलणारी, टोक फुगलेली कळी निवडावी. कळीला बाजूने चीर देऊन चिमट्याने पाचही पुंकेसर काढावेत व कळी कागदी पिशवीने झाकावी. सकाळी दुसऱ्या वेलीचे पराग किंजल्कावर लावावेत. शुद्ध वाणाच्या बाबतीतही मधमाश्यांमुळे काही प्रमाणात परपरागण होते. त्यामुळे चितकबऱ्या रांगेत एखादे हिरवे रोप आढळते. हे टाळण्यासाठी आदल्या संध्याकाळी कळीचे टोक दोऱ्याने सैल बांधतात.

परागणानंतर साधारण सहा आठवड्यांत बोंड तपकिरी होऊन देठ सुकतो. बोंडे तडकण्यापूर्वी काढावीत. बिया सावलीत वाळवून, कागदी पुडीत घालून, ओलावा शोषणाऱ्या पदार्थासह बंद डब्यात व थंड जागी ठेवल्यास अनेक वर्षे उगवणक्षम राहतात. एका वर्षाचे सर्व बी एकाच हंगामात पेरू नये. वादळ, कीड किंवा चुकीच्या निवडीने पीक गेल्यास राखून ठेवलेल्या पुडीतूनच वाण परत मिळते.

महाराष्ट्रातील लागवड

आयपोमिया निलचे रानटी रूप महाराष्ट्रात पावसाळ्यात व त्यानंतर कुंपणांवर, झुडपांवर चढलेले आढळते. तिच्या बिया ‘काळादाणा’ या नावाने काष्ठौषधींच्या दुकानांत मिळतात. औषधी बी म्हणून विकला जाणारा काळादाणा हा रानटी, निळ्या फुलांचा प्रकार असतो. त्यापासून चितकबरी पाने मिळण्याची अपेक्षा ठेवू नये.

जपानमधील वाणे महाराष्ट्रात लावताना दिवसमानातील फरक लक्षात घ्यावा लागतो. तोक्योत जूनच्या उत्तरार्धात दिवस सुमारे साडेचौदा तासांचा असतो, तर पुण्यात तो सुमारे सव्वातेरा तासांचाच असतो. महाराष्ट्रातील रात्री वर्षभर तुलनेने लांब असल्याने वेल पुरेशी वाढण्यापूर्वीच कळ्या धरण्याचा संभव असतो. बोंडे लवकर मिळावीत हा हेतू असल्यास ही गोष्ट सोयीची ठरते. मोठी वेल हवी असल्यास रोपावस्थेत रात्री काही वेळ दिव्याचा उजेड देऊन व सुरुवातीच्या कळ्या खुडून वाढ साधावी. पावसाच्या माऱ्यात परागण नीट होत नाही व बोंडे कुजतात. त्यामुळे बियाण्यासाठी राखलेल्या कुंड्या पागोळ्यांपासून दूर, आडोशाला ठेवाव्यात. परिसरात रानटी काळादाणा फुलत असेल तर कळ्या बांधून परपरागण टाळणे अधिकच गरजेचे ठरते.

विषारीपणा

बियांत तीव्र रेचक राळ असते. त्या पोटात गेल्यास पोटदुखी, उलट्या व जुलाब होतात. पेरणीसाठी भिजवलेल्या बिया व वाळवणीला ठेवलेली बोंडे लहान मुले व पाळीव जनावरे यांच्या हाती लागणार नाहीत अशी ठेवावीत. शालेय उपक्रमात ही वेल वापरताना बियांची मोजदाद ठेवणे इष्ट असते.